पोहता न येणाऱ्याने हॅवलॉकला काय करावं: स्कूबा की स्नॉर्केलिंग?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मार्चमध्ये तिघं अंदमानला निघाले आहेत, हॅवलॉकला चार दिवस मुक्काम. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना तलावात पोहता येतं, मिस्टरांना अजिबात येत नाही, मुलगी ११ वर्षांची. मालवणला पूर्वी एकदा 'स्कूबा' केलं होतं, त्यातलं गढूळ पाणी आणि पावावर तुटून पडलेले मासे एवढंच लक्षात आहे. स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पृष्ठभागावर तरंगत खाली बघणं, सोपं आणि सुरक्षित म्हणून यावेळी तेवढ्यावरच भागवावं का? आणि पाण्यातल्या खडकांच्या जवळ जाणं धोक्याचं असतं का?

'सोपं आणि सुरक्षित' हे शब्द आधी बाजूला काढू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मालवणपासून अंदमानपर्यंत प्रत्येक बोटीवर हा समज ऐकायला मिळतो. पोहणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. पण तुमच्या मिस्टरांना मी स्नॉर्केलिंगच्या आधी ट्राय डाइव्ह, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या सोबतीने सिलिंडर लावून मारलेली पहिली बुडी, करायला सांगेन. लाट, वारा, बोटींची ये-जा, नळीत शिरणारं पाणी, हा सगळा ताप पृष्ठभागावरचा असतो, आणि स्नॉर्केल करणारा माणूस पूर्ण वेळ तिथेच असतो. तोंड खाली, लक्ष माशांकडे, आणि सांभाळणारा गाइड दुसऱ्या कुणाची नळी उपसून देण्यात गुंतलेला. न पोहणारा माणूस नळीत घोटभर पाणी आलं की उभं राहायला जातो, पायाखाली जमीन नसते, आणि मग तो घाबरतो. तीन-चार मीटर खाली गेलं की तेच पाणी शांत असतं, हवा तोंडात आपोआप येत असते आणि इन्स्ट्रक्टरचा हात सिलिंडरवर असतो. अट एकच, एका माणसामागे एक इन्स्ट्रक्टर. 'दोघांत एक चालेल ना?' असं विचारलं तर चालणार नाही म्हणून सांगा.

ट्राय डाइव्हला पोहता यायची अट नसते. खोलीची कमाल मर्यादा १२ मीटर आणि वयाची किमान मर्यादा १० वर्षं असते, त्यामुळे मुलीलाही करता येईल. पहिल्याच वेळी तिला सहा-सात मीटरच्या खाली नेऊ नका, बघण्यासारखं सगळं तेवढ्यातच असतं. पुढे कोर्स करून सर्टिफिकेट घ्यायचं असेल तर मात्र २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं आवश्यक आहे.

आता खडक. समुद्राच्या तळावर एकटाच वर आलेला खडक, त्याच्यावर प्रवाळ, ही पाण्याखालची सर्वांत श्रीमंत जागा. बाजूला वाळू असते, वाळूवर फारसं काही राहत नाही, आणि आसरा, अन्न, चिकटायला जागा हे सगळं त्या एका उंचवट्यावर मिळतं. म्हणून हॅवलॉकच्या बऱ्याच नावाजलेल्या जागा हे असे खडकच आहेत. डिक्सन्स पिनॅकल हे त्यातलं प्रसिद्ध नाव. त्याचा माथाही पंधरा मीटरांहून खोल आहे, त्यामुळे ते नवख्याचं काम नाही. तुम्हाला किनाऱ्यावरून चालत उतरता येणारी नेमो रीफसारखी उथळ जागा पुरे.

पाणी वाहत येऊन खडकावर आपटतं, दोन्ही बाजूंनी फाटतं, थोडं माथ्यावरून चढून पलीकडे उतरतं. ज्या अंगाला पाणी आपटतं तिथे प्लवकांचा (पाण्यासोबत वाहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा) पुरवठा अखंड असतो, म्हणून मासळीची गर्दी तिथे. मऊ प्रवाळ आणि पंख्यासारखी प्रवाळंही त्याच अंगाला जास्त वाढतात. मागचं अंग आडोशाचं, पाणी संथ. तिथे गोबरे, वाम असे मासे आणि शेवंड (लॉबस्टर) कपारीत बसलेले. म्हणजे बघायला मिळतं पुढच्या अंगाला आणि दम खायला मिळतो मागच्या अंगाला. चांगला गाइड डाइव्हची सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध करतो, म्हणजे थकल्यावर परतताना पाणीच तुम्हाला आणून सोडतं. स्नॉर्केल करतानाही हाच नियम: जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा. पहिल्या पाच मिनिटांत छान भराभर पुढे जातोय असं वाटलं, तर तुम्ही पोहत नाही आहात, पाणी तुम्हाला नेतंय. तिथेच मागे फिरा.

प्रवाह ओळखायला काही लागत नाही. एका जागी थांबलेले मासे बहुधा तोंड प्रवाहाकडे करून असतात. नांगराचा किंवा बोयाचा दोर तिरपा किती झालाय ते बघा, बुडबुडे सरळ वर जातात की आडवे पळतात ते बघा. उडी मारण्याआधी बोटीवरून थोडा वेळ नुसतं पाण्याकडे बघणारा गाइड मला आवडतो. तो आल्याआल्या 'चला, पटापट' करत असेल तर मी सावध होतो.

खडकाजवळ जाणं धोक्याचं आहे का? प्रवाहापेक्षा मला तिथल्या उथळ माथ्याची भीती जास्त वाटते. ज्या खडकाचा माथा पाण्याच्या जेमतेम खाली आहे, त्यावरून लाट जाताना पाणी आधी मागे खेचतं आणि मग माणसाला उचलून पुढे टाकतं. पांढरा फेस दिसतोय त्या बाजूला फिरकायचंच नाही, आणि माथ्यावरून 'शॉर्टकट' मारायचा नाही. प्रवाळाची धार कातडी सोलून काढते. जखम छोटी दिसते, पण आत प्रवाळाचे कण राहिले की आठवडाभर चिघळते. वर आल्यावर साबण आणि भरपूर गोड्या पाण्याने घासून धुवायची, मग औषध.

भरती-ओहोटीचं गणित कोकणातल्या माणसाला सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, त्यामुळे पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. तारखा हातात असतील तर खडकावरच्या डाइव्हसाठी भांगाचे दिवस धरा. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ती मात्र अंदमानात लागू होत नाही. तिथलं भरतीचं कोष्टक बघा, डाइव्ह शॉपच्या भिंतीवर असतंच. किनाऱ्यावरून स्नॉर्केल करायचं असेल तर हिशोब वेगळा. हॅवलॉकच्या तीन आणि पाच नंबरच्या किनाऱ्यांवर सुकतीला (पूर्ण ओहोटीला) पाणी इतकं मागे जातं की प्रवाळाचा पट्टा उघडा पडतो. तेव्हा गेलात तर पोट घासेल आणि पायाखाली प्रवाळ मोडेल. भरती अर्धी झाल्यावर उतरा आणि पाणी ओसरायला लागायच्या आत बाहेर या. आणि शक्यतो सकाळी. वारा दुपारी वाढतो.

मालवणच्या गढूळ पाण्याबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या प्रश्नात थोडी नाराजी दिसली. कर्ली, गड या नद्यांचा गाळ तिथल्या समुद्रात येतो, पाणी कायम थोडं दुधाळ राहतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची प्रवाळं तरीही तग धरून आहेत, कारण पोरायटिस, टर्बिनारिया अशा गाळ सोसणाऱ्या जाती तिथे टिकल्या. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं ते डिसेंबर ते फेब्रुवारी, तेही सकाळी मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा असेपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत भर दुपारी जाऊन 'काही दिसलं नाही' म्हणण्यात मालवणची चूक नाही. तिथली गाइड मंडळी अनेकदा मासेमारी करणाऱ्या घरांतली असतात, पाण्याची जाण उपजत. पाव टाकून मासे गोळा करण्याचा प्रकार मात्र मला अजिबात पटत नाही. शेवाळ खाणारे मासे पावाला सोकावले की खडकावरचं शेवाळ वाढतं आणि प्रवाळ गुदमरतं. कुणी पाव काढलाच तर 'आम्हाला फोटो नको' एवढं सांगितलं तरी पुरतं. (आणि खरा खजिना आहे तो आंग्रिया बँक, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा बुडालेला पठारी प्रवाळ. माथाच वीस मीटरवर. पण तो सहलीचा विषय नाही.)

आता कान, कारण ट्राय डाइव्ह अर्धवट सोडण्याचं सर्वांत मोठं कारण तेच. वर एक वातावरण दाब असतो, दहा मीटरवर दोन होतात. म्हणजे कानात कोंडलेल्या हवेचं आकारमान पहिल्या दहा मीटरांतच निम्मं होतं, पुढच्या कुठल्याही दहा मीटरांत एवढा फरक पडत नाही. उथळ पाण्यात कान जास्त दुखतात ते यामुळे. दुखायला लागल्यावर नाक दाबून जोर लावायचा नाही, दुखायच्या आधीच दाबायचं. माझ्या हाताखालच्या नवख्याला मी दोर धरून उतरवतो. डोकं पाण्याखाली जाताच पहिल्यांदा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर, मग प्रत्येक हातभर उतरलं की पुन्हा. कानात बारीकसा 'टक्' आवाज आला की पुढे. नाही आला तर तळहात आडवा हलवून कानाकडे बोट दाखवायचं, मी अर्धा-एक मीटर वर घेतो, तिथे पुन्हा प्रयत्न. एक कान सुटतो, दुसरा अडतो, असं पुष्कळांचं होतं; तेव्हा अडलेला कान वरच्या बाजूला येईल अशी मान कलती करून फुंकायचं. यात पाच मिनिटं गेली तरी जाऊ द्या. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं तर आणखी वाईट, कारण पाण्यात असताना गोळीचा असर उतरला की वर येताना कानात हवा कोंडते.

दुसरी गोष्ट श्वासाची. खाली घेतलेली हवा दाबलेली असते, वर येताना ती पसरते. श्वास रोखून अवघं मीटर-सव्वा मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. त्यामुळे पाण्यात श्वास कधीच रोखायचा नाही. लांब आत, लांब बाहेर, घाई नाही. स्नॉर्केलिंगमध्ये उलटी चूक होते: बुडी मारण्याआधी लोक भराभर दहा-बारा श्वास घेतात, 'जास्त वेळ टिकतो' म्हणून. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यावासा वाटतच नाही आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो. पोहणाऱ्यांच्या बाबतीत हे जास्त घडतं, म्हणून हे खास तुमच्यासाठी.

खुणा शिकवतील तेव्हा एक लक्षात ठेवा: अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. मस्त वाटत असताना अंगठा दाखवून डाइव्ह संपवून घेतलेले कितीतरी पुरुष मी पाहिलेत. ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

मास्कचं म्हणाल तर पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हवा आत ओढा; चिकटून राहिला तर तो तुमचा. मिस्टरांना मिशी असेल तर मास्क थोडा झिरपणारच. नाकाखालची बोटभर पट्टी तासून टाकली तर फरक पडतो, पण यावर घरात काय चर्चा होते ते तुमचं तुम्ही बघा. काचेवर वाफ धरते ती आतून थुंकी चोळून धुतली की जाते. चष्मा असेल तर नंबरचे मास्क मोठ्या शॉपमध्ये मिळतात, आधी फोन करून विचारा.

दिसेल काय? पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या आणि चतुर्थांशाने जवळ दिसतात, त्यामुळे हात लावायला जाल तर अंदाज चुकेल. तांबडा रंग काही मीटरांतच गळतो, फोटोत सगळं निळसर येतं. आणि जिवंत प्रवाळ फारसं भडक नसतं, बरंचसं तपकिरी, मेंदी रंगाचं, पिवळट. हा रंग त्यांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरंफेक पडतं. लोक त्याला 'किती सुंदर पांढरं' म्हणतात. अंदमानात २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. त्याआधी २००४ च्या भूकंपाने उत्तर अंदमानची जमीन वर उचलली गेली आणि तिथले प्रवाळपट्टे पाण्याबाहेर येऊन मेले. हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर तुम्हाला मोडकं, राखाडी, शेवाळलेलं प्रवाळ पुष्कळ दिसेल. निराश होऊ नका, त्याच ढिगाऱ्यावर नवे कोंब आलेले असतात, ते शोधा.

मी नवख्यांना सगळीकडे हिंडवत नाही, एका खडकाशी थांबवतो. एखादा मोठा गोल पोरायटिस घ्या, माणसाच्या उंचीचा. हा वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे वयाचा हिशोब तुमचा तुम्ही करा. त्यावर निळे, पिवळे, केशरी छोटे तुरे दिसतील, जोडीजोडीने. हात जवळ नेऊ नका, नुसती सावली पडली तरी तुरा क्षणात आत गडप होतो. ते किडे आहेत, बाकीचं अंग प्रवाळाच्या आत नळीत असतं. थोडं थांबलात की एकेक तुरा परत उमलतो. बाजूच्या कपारीशी बोटभर लांबीचा, अंगावर काळी पट्टी असलेला निळसर मासा वरखाली नाचताना दिसेल. तो सफाईवाला. त्याच्याकडे गोबरा येतो, तोंड उघडून थांबतो, आणि हा त्याच्या दातांतले, कल्ल्यांतले परजीवी खातो. आसपास दुसरे मासे आपल्या पाळीची वाट बघत असतात. एवढं बघायला आठ-दहा मिनिटं लागतात आणि मुलांना यातच सर्वांत मजा येते.

कुठल्याही गोष्टीला हात लावायचा नाही, हे त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. दगडमासा खडकासारखाच दिसतो आणि पाठीच्या काट्यात जहाल विष असतं. सिंहमासा दिसायला देखणा, काटे तसेच. लागलंच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, तो भाग बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. मोठा टायटन ट्रिगर मासा घरट्यावर बसलेला असेल तर अंगावर धावून येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर पृष्ठभागापर्यंत रुंद होत जाते, म्हणून घाबरून वर पळू नका, आडवे बाजूला व्हा. पट्टेरी समुद्रसाप दिसले तर जाऊ द्या, विषारी आहेत पण भांडकुदळ नाहीत. मेलेलं प्रवाळ किंवा शंख आठवण म्हणून उचलू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

मगरीचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे. २०१० साली हॅवलॉकला, राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये, स्नॉर्केल करणारी एक अमेरिकन पर्यटक मगरीच्या हल्ल्यात मरण पावली. अशा घटना विरळ आहेत. तरी खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाजवळ, संधिप्रकाशात पाण्यात उतरू नका, पाटी लावलेली असेल तर ती वाचा, आणि त्या आठवड्यात कुठे दिसली का हे स्थानिकांना विचारा. ते खरं सांगतात.

निघण्याआधी करायचं एकच काम: मिस्टरांना महिनाभर गावातल्या तलावात न्या. पोहणं शिकलं नाही तरी चालेल, पाठीवर तरंगणं आणि तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घेणं एवढं जमलं पाहिजे. डाइव्ह शॉप तब्येतीचा फॉर्म देईल. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, ब्लडप्रेशरची गोळी यांतलं काही असेल तर घरच्या डॉक्टरांचं लेखी इथूनच घ्या. तिकडे बोटीत बसल्यावर 'नाही' वर खूण करून मोकळं होण्याचा मोह फार असतो.

चार दिवसांत पहिला दिवस उथळ पाण्यात मास्कशी खेळण्यात घालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्राय डाइव्ह, तिघांची. तिसऱ्या दिवशी भरती बघून स्नॉर्केलिंग. तोवर मिस्टर पाण्याला सरावलेले असतील, तरी त्यांनी लाइफ जॅकेट घालूनच उतरायचं आणि गाइडच्या हातातली तरंगती रिंग सोडायची नाही. चौथा दिवस कोरडा ठेवा. एका डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास, अनेक डाइव्ह केल्या तर १८ तास मध्ये जायला हवेत, आणि मी सरळ २४ धरतो. हॅवलॉकहून फेरीने पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, यायचंच आहे, त्यामुळे हा वेळ फुकट जात नाही. मात्र परतीचं तिकीट काढताना सकाळचं विमान आणि आदल्या दुपारची डाइव्ह असा मेळ घालू नका.